बसच्या डाव्या बाजूने

बँकेने बाबांची मोटार काढून घेतली त्या दिवशी आईच्या हातून आमटीत आमसुलं जास्त पडली, आणि एरवी अशा गोष्टीवर छोटंसं भाषण करणारे बाबा ती निमूट भुरकत होते. मोटार म्हणजे पांढरी अँबॅसडर. मागच्या सीटच्या पाठीवर पांढराशुभ्र टॉवेल, खिडक्यांना फिकट हिरवे पडदे, आणि दार उघडून उभा राहणारा ड्रायव्हर रामशरण. बाबा त्या टॉवेलला डोकं टेकून वर्तमानपत्र वाचत ऑफिसला जात. ते फार मोठे अधिकारी आहेत अशी लहानपणी माझी समजूत होती. पुढे कळलं की मोठा होता तो टॉवेल. मुंबईहून काटकसरीचं पत्रक आलं, मोटार नव्या वरिष्ठांकडे गेली, आणि बाबांकडे उरली ब्रीफकेस.

आम्ही भवानीपूरला बँकेच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. बाबांची कलकत्त्याला बदली झाली तेव्हा मी शाळेत होते. मी ज्या काळाबद्दल लिहिते आहे तेव्हा एम. ए.च्या पहिल्या वर्षाला. खालच्या मजल्यावर कोणीतरी सकाळी हार्मोनियमवर तेच ते चार सूर घोटत असे, संध्याकाळी शेजारच्या घरांतून शंख वाजत, आणि या सगळ्यात आमच्या कुकरची शिट्टी परक्या गावात आलेल्या पाहुण्यासारखी जरा जास्तच मोठ्याने बोले. घरात मराठी, जिन्यात हिंदी, रस्त्यावर बंगाली. बाबा मात्र तिन्ही ठिकाणी पुण्याचंच काहीतरी बोलत. कोळणीशी आई बंगालीत घासाघीस करी तेव्हा बाबा आत जाऊन बसत. आपल्या घरातलं माणूस परक्या भाषेत इतकं चांगलं भांडतं हे त्यांना पटत नसे.

दादा नोकरीसाठी बंगलोरला गेला होता आणि त्याची मोटारसायकल जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेली होती. ती चालवायला मी त्याच्याकडूनच मैदानाच्या कडेच्या रस्त्यांवर सकाळी सकाळी शिकले होते, आणि रीतसर परीक्षा देऊन लायसन्सही काढलं होतं. बाबांना सायकलसुद्धा येत नव्हती. बसला लोंबकळणं त्यांच्या हुद्द्याला शोभण्यासारखं नव्हतं, टॅक्सी रोज परवडणारी नव्हती. चार दिवस घुसमटल्यावर ते आईला म्हणाले, "हिचं कॉलेज दुपारी एकला असतं ना? मग सकाळी हिला काय काम असतं?" मला थेट विचारणं त्यांना जमलं नाही. आईने माझ्याकडे पाहिलं, मी ताडपत्री काढली.

तर असं आमचं वाहन निघे. पुढे मी, सलवार-कमीज आणि दादाचं सैल हेल्मेट; मागे बाबा, कोट आणि टाय; मध्ये ब्रीफकेस, आमच्या दोघांच्या नात्यासारखी कडक. ऑफिस लालदिघीच्या तळ्यापाशी होतं. त्याच्या अलीकडच्या कोपऱ्यावर बाबा उतरत, कोट झटकत, आणि उरलेलं अंतर असे चालत जात, जणू मोटार जागा मिळाली नाही म्हणून मागे उभी केली आहे. बँकेच्या दरवानाने दोनदा आम्हांला पाहिलं होतं हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्या दरवानानेही कधी दाखवलं नाही. मोठेपणा सांभाळायला अशी लहान माणसं फार लागतात.

बाबांचा एकच नियम होता. "दोन गाड्यांच्या मधून घुसायचं नाही. आपल्या पुढचा पुढे गेला की आपण जायचं." त्यांना सगळं आयुष्यच ज्येष्ठतेच्या यादीसारखं दिसे, क्रमाने नाव येईल, तोपर्यंत थांबायचं. त्यामुळे ते मागे असले की मी बसच्या मागे उभी राही आणि आम्ही दोघं तिचा काळा धूर वाटून घेत असू. बाबांना सोडलं की मात्र मी वेगळीच व्हायचे.

गर्दीतल्या फटीतून मोटारसायकल काढणं ही तेव्हा मला कला वाटे, आणि खोटं कशाला बोलू, अजूनही थोडीशी वाटते. बसकडे बघायचं नाही, फटीकडे बघायचं. जिथे नजर, तिथे चाक. हँडलची रुंदी कोपरांना माहीत असावी लागते. पुढच्या टॅक्सीचं चाक कुठे वळलं आहे, हातरिक्षावाल्याच्या घंटीचा वेग वाढला का, मिनीबसच्या दारातला माणूस कुठे बघतो आहे, हे सगळं एका श्वासात. आणि सगळ्यांत महत्त्वाचा कान. कलकत्त्याचा कंडक्टर दारात लटकून बसच्या पत्र्यावर हाताने थाप मारतो. दोन थापा म्हणजे चल. एक म्हणजे थांब, कोणीतरी उतरतंय. बाई असेल तर वर ओरड, "आस्ते लेडीज!", आणि कडेवर मूल असेल तर "कोले बाच्चा!" बस फूटपाथपर्यंत जाण्याची तसदी क्वचितच घेते, रस्त्याच्या मध्येच थांबते आणि माणसं डाव्या बाजूने भर रस्त्यात उतरतात. म्हणून बसच्या उजवीकडून कितीही जा, डावीकडून जायचं नाही. दादाने मला क्लचच्याही आधी हे शिकवलं होतं.

हल्ली पुण्यात मी फोनवरून बोलावलेल्या दुचाकीवर मागे बसून बँकेत जाते. चालवणारे हँडलवरच्या फोनमधला नकाशा बघत दोन ट्रकांमधून काढतात आणि मी डोळे मिटून घेते. "काकू, घाबरू नका, रोजचं आहे," असं परवा एकाने सांगितलं. मी घाबरले नव्हते. मी ऐकत होते.

दुर्गापूजेला सात आठवडे होते. मुंबईहून बँकेचे चेअरमन यायचे होते, आणि त्यांना घालायच्या हाराची जबाबदारी बाबांवर आली होती. वीस वर्षांच्या नोकरीनंतर हार आणायला सांगितलं याचा त्यांना अपमान वाटला की सन्मान, ते त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. निशिगंधाचा जाडजूड हार केळीच्या पानात गुंडाळून ते मागे बसले. चौरंगीवर पोचेपर्यंत सगळं थिजलं होतं. एस्प्लनेडच्या तोंडाशी बसेस एकीला एक चिकटून उभ्या. बाबांनी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटांनी पुन्हा पाहिलं. मग माझ्या कानाशी ते शब्द आले, जे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

"नीला, जा मधून."

"बाबा, उजवीकडे जागाच नाहीये."

"मग डावीकडून जा! चल, चल!"

डावीकडे सुरेख फट होती. बस आणि फूटपाथ यांच्यामध्ये सरळ, मोकळी. मी शिरले. बसच्या अर्ध्यावर असताना पत्र्यावर एक थाप पडली. एकच. मग दारातून एक माणूस उतरला, हातात कापडी पिशवी, पाऊल जमिनीला लागलं आणि माझं हँडल त्याच्या अंगाला. तो उजव्या हातावर पडला. मी आणि बाबा उलट्या बाजूला पडलो, हार रस्त्यावर उलगडला, आणि मागून आलेल्या माणसांनी तो तुडवला.

गर्दी जमायला कलकत्त्यात वेळ लागत नाही. त्यातल्या निम्म्यांना मारायचं असतं, निम्म्यांना पाणी द्यायचं असतं, आणि पुष्कळदा ती तीच माणसं असतात. पांढऱ्या गणवेशातला सार्जंट आला आणि त्याने विचारलं, "के चालाच्छिलो?" कोण चालवत होतं?

बाबा पुढे झाले. टाय पाठीवर गेलेला, कोपर फुटलेलं. हिंदीत म्हणाले, "मैं चला रहा था."

सार्जंटने त्यांच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं. मग माझ्या हेल्मेटकडे. मग माझ्या मुठीतल्या किल्लीकडे. "लायसन्स?"

बाबांनी खिशातून बँकेचं ओळखपत्र काढलं. आयुष्यातल्या प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे तेवढंच उत्तर होतं. सार्जंटने ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि शांतपणे म्हणाला, "याने बँक चालते साहेब, गाडी नाही."

"मी चालवत होते," मी म्हटलं. पण माझ्याआधीच खाली बसलेला तो माणूस बोलला होता. पन्नाशीचा, किडकिडीत, गळ्यात शिंप्याची टेप. मनगट मांडीवर धरून तो बंगालीत म्हणाला, "ती मुलगी चालवत होती. चांगलं चालवते. डावीकडून यायला नको होतं, एवढंच."

त्यांचं नाव सुधन्यबाबू. न्यू मार्केटमागच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या एका दुकानात ते कटिंग मास्टर होते. कापड बेतून कापायचं ते यांनी, शिवायचं कारागिरांनी. सरकारी इस्पितळात उजव्या मनगटाला प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांसाठी. पूजेचा हंगाम म्हणजे अशा दुकानाचं वर्ष असतं. सार्जंटने तक्रार लिहून घेऊ का विचारलं, तर ते म्हणाले, "ठाण्यात जायला वेळ कुठे आहे? पूजा आली." त्यांना एकच गोष्ट सुचत होती आणि ती ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. लोकल गाडीने ते सियालदहला येत, तिथून बस. एका हाताने बसला लटकायचं कसं?

इस्पितळाच्या बाकावर बाबा हात जोडून बसल्यासारखे बसले होते. "मी सांगितलं म्हणून तू गेलीस," ते मला म्हणाले. मी त्यांच्या फुटलेल्या कोपराला रुमाल बांधला. चेअरमनचं विमान त्या दिवशी सुटलंच नाही. ते पुढच्या आठवड्यात आले आणि हार घालायचं काम दुसऱ्याला मिळालं.

घरी आल्यावर आईने आधी जखमा धुतल्या आणि मग विचारलं, "अहो, तुम्ही पोलिसाशी खोटं बोललात?"

"सुचलं ते बोललो."

"तेही इतकं वाईट?" आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि तू गं? माणसाचा हात मोडून आलीस. आता त्याच्या पोटाचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सियालदहला मोटारसायकल घेऊन उभी राहिले. लोकलमधून बाहेर पडणाऱ्या त्या लोंढ्यात पांढरं प्लास्टर वर धरलेला एक हात दिसला. सुधन्यबाबूंनी मला पाहिलं, मोटारसायकल पाहिली, बराच वेळ पाहिली. मग पिशवी डाव्या खांद्यावर अडकवून म्हणाले, "फटीतून नाही, मा." बंगाली माणसं लेकीच्या वयाच्या मुलीलाही मा म्हणतात. फटीतून जाणार नाही असा मी शब्द दिला आणि ते बसले.

पहिल्या दिवशी आम्ही प्रत्येक बसच्या मागे उभे राहत साडेदहाला पोचलो. दुकानाचे मालक दारातच होते. आवाज न चढवता म्हणाले, "मास्टार, दहाला कापड टेबलावर पसरलेलं पाहिजे. हात नाही चालत, समजू शकतो. माणूसच नाही आला तर मी दुसरा बसवीन. मला पूजा पुढे ढकलता येत नाही." ते काही दुष्ट बोलत नव्हते, आणि त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सुधन्यबाबू एक लोकल आधीची पकडू लागले. डाव्या हातात खडू धरून ते कापडावर रेघा काढत आणि दोन कारागीर त्यावरून कात्री चालवत. पहिल्या आठवड्यातल्या रेघा म्हाताऱ्याच्या सहीसारख्या थरथरत. दुसऱ्या आठवड्यात त्या सरळ झाल्या.

महिनाभर मी रोज रांगेत चालले. रांगेतून जाताना शहर वेगळंच दिसतं; फटीतून जाताना मला फक्त फट दिसायची. मौलालीच्या चौकात एक बाई रोज त्याच खिडकीत मुलीच्या केसांना तेल लावत असे. ट्रामच्या दुसऱ्या डब्यातला एक गृहस्थ रोज झोपलेला असे आणि रोज आपल्या थांब्याला बरोबर जागा होई. सुधन्यबाबू मागून बायकांच्या ब्लाउजच्या बाह्यांवर शेरे मारत. "ती बघ, पिवळी साडी. काखेत ओढतंय. कापणाऱ्याला घाई होती." आई त्यांच्यासाठी डब्यात दडपे पोहे देई, ते चवीने खात आणि म्हणत की एवढ्या चांगल्या चिवड्याला तुम्ही ओला का करता.

आणि बाबा? बाबा बसने जाऊ लागले. पहिले काही दिवस ते घरी चुरगळून येत. मग एका संध्याकाळी चहा पिता पिता आईला म्हणाले, "आज कंडक्टर मला 'दादा, भितोरे ढुकून' म्हणाला. आत सरका म्हणजे." बढतीचं पत्र आल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

मला एक गोष्ट कोणालातरी सांगायची होती. बाबा स्वतःला दोष देत होते, आई त्यांना अधूनमधून टोमणे मारत होती, आणि मी ते चालू दिलं होतं. एका सकाळी सिग्नलला उभे असताना, मागे वळून न बघता, मी सुधन्यबाबूंना म्हटलं, "त्या दिवशी मी थाप ऐकली होती. एक थाप. बाबा बोलले म्हणून नाही, ऐकू आली नाही म्हणून नाही. ऐकली, आणि वाटलं की निघून जाईन."

सिग्नल सुटला, मी गिअर टाकला, पुढच्या बसमागे पुन्हा थांबले.

"जाणतो, मा," ते म्हणाले. "मीही ऐकली होती. म्हणूनच उतरलो."

ते रागावले नव्हते. दोन दिवस पिवळ्या साड्या दिसत होत्या, पण शेरे येत नव्हते. बाबांना मी हे कधीच सांगितलं नाही. ते गेले तेव्हाही त्यांच्या हिशेबी तो अपघात त्यांचाच होता. लिहून ठेवते आहे ते त्यासाठीच.

तिसऱ्या दिवशी मौलालीच्या पुढे मंडपाचे बांबू भरलेला ट्रक ट्रामच्या रुळांवर आडवा झाला. त्याच्यामागे ट्राम, ट्रामच्या बाजूला बसेस, बसेसच्या मागे आम्ही. पावणेदहा वाजले. आदल्या संध्याकाळीच मालकांना एका दुसऱ्या मास्टरशी बोलताना सुधन्यबाबूंनी पाहिलं होतं, हे त्यांनी मला तिथे उभ्या उभ्या सांगितलं, हवापाण्याबद्दल सांगावं तसं. बस आणि ट्राम यांच्यामध्ये, बसच्या उजवीकडे, दीड हाताची फट होती. एक महिन्यापूर्वी मी विचारही न करता शिरले असते.

"जा," ते म्हणाले. "मी सांगतो ना. जा."

मी क्लच दाबला, गिअर टाकला, आणि माझ्या हातांनी क्लच सोडला नाही. खरंच सोडला नाही. मी बोटांकडे बघत होते आणि ती दुसऱ्या कोणाची तरी होती. ट्राममधून कोणी उतरलं तर? दार उघडलं तर? "मला जमत नाहीये," मी म्हटलं, आणि मला रडू आलं, तेही हेल्मेटच्या आत, जिथे डोळे पुसता येत नाहीत.

सुधन्यबाबू मागून उतरले. मला वाटलं, आता ते चालत निघतील. तेच शहाणपणाचं होतं. झपाझप चालले असते तर मालकाने फार वाट पाहायच्या आत पोचले असते. ते माझ्या पुढे आले, फटीत शिरले, वळले आणि प्लास्टरचा हात वर केला.

"माझ्या मागून ये. पहिल्या गिअरमध्ये."

ते पुढे, मी मागे. ट्रामच्या प्रत्येक दाराशी ते थांबत, आत वाकून बघत, पायरीवरच्या माणसाला डाव्या हाताने थोपवत, आणि मग मला खूण करत. मी दोन्ही पाय जमिनीला घासत मोटारसायकल सरकवत होते. ट्रामच्या दारातला कंडक्टर ओरडला, "दादा, ही कसली मिरवणूक?"

"दोघांची," सुधन्यबाबू म्हणाले. "रस्ता दे."

त्या प्लास्टरला बघून लोक खरंच पाय आत घेत होते. ट्रकपर्यंत पोचायला आम्हांला पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. बांबूंच्या टोकांखालून मी वाकून निघाले, पलीकडे रस्ता रिकामा होता. ते बसले. मी डोळे पुसले. दुकानात पोचलो तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

टेबलामागे दुसरा मास्टर बसला होता. तरतरीत, चाळिशीचा, स्वतःची कात्री आणलेला. समोर गरद रेशमाचा लाल काठाचा तुकडा पसरलेला, आणि काठ बाहीवर कसा आणायचा यावर त्याचा मालकाशी वाद चाललेला. मालकांनी सुधन्यबाबूंकडे पाहिलं आणि नजर वळवली. कारागिरांची मशीनं थांबली. मी दारातच उभी राहिले. आत जायचा मला हक्क नव्हता आणि निघून जायची हिंमत नव्हती.

सुधन्यबाबूंनी पिशवी खुंटीला अडकवली. टेबलाशी जाऊन डाव्या हातात खडू घेतला, प्लास्टरच्या हाताने कापड दाबून धरलं, आणि काखेपासून काठापर्यंत एक रेघ ओढली. एकच, न थांबता. दुसरा मास्टर त्या रेघेकडे बघत राहिला. मग बोटाने, कापडाला न लावता, ती हवेत गिरवली. त्याने आपली कात्री उचलली, रुमालात गुंडाळली, आणि मालकाला म्हणाला, "यांना दोन हात येईपर्यंत मला बोलावू नका. आल्यावर तर नकोच."

मशीनं पुन्हा सुरू झाली. मालक काहीतरी पुटपुटत पुढच्या काउंटरकडे गेले. सुधन्यबाबूंनी कारागिराला कुठून कापायचं ते दाखवलं, दुसरा तुकडा ओढून घेतला, आणि मान वर न करता दाराच्या दिशेने म्हणाले, "उद्या वीस मिनिटं आधी ये, मा."